आईची पहिली भाकरी

आज आईने तव्यावरची पहिली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबलो.

तिला स्तनाचा कॅन्सर निघाल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण तिचं काहीतरी बंद करून जायचा. कुणी दूध, कुणी शेंगदाणे, कुणी डाळसुद्धा. उपचार संपेपर्यंत ताटात पेज तेवढी उरली. घरातला पहिला पदवीधर मी, पण नेमकं काय खरं, ते मलाही कळत नव्हतं.

काल डॉक्टरबाई म्हणाल्या, "रिपोर्ट चांगले आहेत, मावशी. आता डाळ, भाजी, भाकरी, दूध, सगळं घ्या. जेवता कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर. उरेल ते."

"मग तुमचं पथ्य एकच. उरलेलं खायचं नाही."

पथ्य म्हणजे काहीतरी सोडणं, असंच मी समजत होतो. आईला तर आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी घ्यायला सांगितलं होतं.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "तुझी दुसरी. थांब जरा."

तिने भाकरीचा पापुद्रा उचलला, वाफ जाऊ दिली आणि शेंगदाण्याच्या चटणीशी पहिला घास खाल्ला. मी पाट ओढून शेजारी बसलो. मला मुळीच घाई नव्हती.