वहिनीच्या अक्षरातली गाणी

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं, आणि तिथल्या रोलरच्या मोठ्या इस्त्रीवर ती सव्वीस वर्षं उभी होती. एका बाजूनं दोघींनी ओली चादर ताणून आत सोडायची, दुसऱ्या बाजूनं दोघींनी ती कडकडीत तापलेली झेलायची आणि घड्या घालून रचायची. ही झेलणाऱ्यांतली. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, आणि ओठांवर कायम काहीतरी चालू. म्हणून खात्यातल्या बायकांनी तिचं नाव गुणगुणी ठेवलं होतं.

"ए गुणगुणी," मुकादमीण वाफेतूनच ओरडायची, "एक तर मोठ्यानं म्हण, नाही तर गप्प बस. अर्धवट ऐकून माझा जीव टांगणीला लागतो."

मग ही मोठ्यानं म्हणायची. गाणी देवाची असायची, पण ऐकलेली, पाठ केलेली नव्हे. तिची स्वतःची. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं ती त्यांत प्रभूशी बोलायची. कधी लाडीगोडी, कधी सरळ तक्रार. मुकादमिणीला देवाधर्माचं काही नव्हतं, पण ओळ आवडली नाही तर तीही तोंडावर सांगायची, "हे काही बरोबर बसलं नाही बाई." आणि बहुधा तिचं खरं असायचं.

गुणगुणी शाळेत तिसरीपर्यंत गेली. आई वारली तेव्हा घरात वडील, मोठा भाऊ आणि ही. कुणीतरी स्वयंपाक करायला हवा होता. दादाची हुशारी वाया जायला नको, असं ठरलं. दादा शिकला, शाळेत संगीताचा मास्तर झाला, रविवारी चर्चचा ऑर्गन वाजवू लागला. हिची अक्षरं तिसरीतच राहिली. पाटीवरचं नाव वाचता यायचं, पण दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की घाम फुटायचा.

पुढं लग्न झालं. मुलगी झाली, ती दोन दिवस जगली. नवरा गवंडी होता. दुसऱ्या शहरात काम लागलंय, महिन्याभरात येतो, असं सांगून तो गेला तो गेलाच. त्या दिवसांत ती चर्चला जायची, पण प्रार्थनेसाठी मान खाली घालायची नाही. समोर बघत बसायची. शेवटी एक दिवस रोलरवर चादर झेलताना दोन ओळी आपोआप आल्या:

दोन दिवसांची पाहुणी, घे प्रभू तुझ्या मांडीला,
अर्धी राहिली अंगाई, पुरी कर तू रातीला.

त्या दिवशी तिच्या हातून तीन चादरी खाली पडल्या, आणि मुकादमिणीनं एक शब्द काढला नाही.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, हे गाणं ऐकून रडली. मग डोळे पुसून उठली आणि कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची कोरी वही काढली. "असं हवेत सोडू नकोस गं. मी उतरवून घेते. तू नुसतं म्हण."

तिथून सुरुवात झाली. दर रविवारी उपासना आटोपली की गुणगुणी दादाकडे जेवायला जायची. भांडी आवरली की दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. ही सांगायची, ती लिहायची. वहिनीचं अक्षर म्हणजे मोती. "थांब, थांब, किती पळतेस! 'काठी'नंतर काय म्हणालीस?" ती विचारायची, आणि एखादा शब्द अडला तर दोघी मिळून शोधायच्या. पण शोधायची वहिनी, सापडायचा तो गुणगुणीलाच. दादा बाहेरच्या खोलीत चाल बसवायचा. पुढच्या महिन्यात गायनमंडळ ते गाणं म्हणायचं आणि त्यातलं एकटीचं कडवं वहिनी म्हणायची. तिचा आवाजही अक्षरासारखाच होता.

गाणं कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. दादाचंच असेल, असं लोक धरून चालत. दादा म्हणायचा, "देवाच्या गाण्याला नाव कशाला?" गुणगुणीलाही ते पटायचं. वहिनीला माहीत होतं, दादाला माहीत होतं, आणि वर एकजण होताच. तिला तेवढं पुरत होतं.

नऊ वर्षांत एकोणीस गाणी झाली. मग वहिनीच्या पोटात गाठ निघाली.

वहिनीला याच इस्पितळात ठेवलं, तिसऱ्या मजल्यावर. गुणगुणी खाली तळघरात तिच्या खाटेसाठी चादरी निवडायची. सारख्या धुऊन मऊ पडलेल्या, शिवण न टोचणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत हातातली भाकर तशीच ठेवून ती वर पळायची, वहिनीचं अंग पुसायची, केस विंचरायची, कुशीवर वळवायची. वहिनी शरमायची. "तुला किती त्रास माझा." "गप गं," ही म्हणायची, "बारा तास परक्यांच्या चादरी धुते, तर तुझं अंग पुसायला जड होतं का मला?"

निळी वही वहिनीच्या उशाशी असे. वाचून बरं वाटतं, म्हणायची. गुणगुणीनंच ती तिच्यापाशी ठेवली होती.

चार महिन्यांनी वहिनी गेली. शेवटची आंघोळ गुणगुणीनंच घातली.

वर्षानं चर्चमध्ये तिच्यासाठी स्मरणाची उपासना ठेवली. दादानं नुसतं सांगितलं होतं, "ये, आणि पुढं बस." गुणगुणी धुतलेली राखाडी साडी नेसून पुढं बसली. पाळक उठले. हातात एक पातळसं पुस्तक होतं, वरती वहिनीचा फोटो.

"आपल्या या बहिणीला देवानं आवाज दिला होता हे आपल्याला ठाऊक होतं," पाळक म्हणाले. "पण तिच्या लेखणीचं दान तिनं शेवटपर्यंत झाकून ठेवलं. आपण इतकी वर्षं म्हणत आलो ती एकोणीस गाणी तिची आहेत."

गुणगुणीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाकांवर वाटलेल्या प्रतींतली एक तिनं उघडली. पहिल्या पानावर वहिनीचं नाव होतं, ते तिला वाचता आलं. पान उलटलं, वहिनीचं नाव. पुन्हा उलटलं. प्रत्येक गाण्याखाली तेच नाव. तिनं ऑर्गनकडे पाहिलं. दादा पाठमोरा बसला होता आणि त्याची पाठ नेहमीपेक्षा ताठ होती.

"आणि हे गाणं पाहा," पाळकांनी एक पान उघडून वर धरलं, "'दोन दिवसांची पाहुणी.' मरण जवळ आलंय हे तिनं किती आधी ओळखलं होतं!"

सगळं चर्च रडत होतं. शेजारच्या बाईनं गुणगुणीचा हात हातात घेतला. त्या बाईला वाटलं, हीही वहिनीसाठीच रडतेय.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर ती दादाच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. त्यानं बस म्हटलं, ती बसली नाही.

"दादा, तू विसरलास का?"

"नाही," तो म्हणाला. खोटं बोलला असता तरी तिला सोपं गेलं असतं. "पाळक भेटायला आले होते इस्पितळात. वही बघून म्हणाले, हे तुम्ही लिहिलंत? ती हो म्हणाली."

"अक्षर तिचंच होतं. त्या अर्थानं म्हणाली असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. मग त्यांनी एकेक गाणं वाचायला घेतलं, कुठं सुचलं, कसं सुचलं, विचारायला लागले. आणि ती सांगत गेली." दादा टेबलावर बोटानं रेघा ओढत होता. "पाहुणीचं गाणं आपल्याच मरणाची चाहूल लागून सुचलं, म्हणाली. मी तिथंच होतो. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. कितीतरी दिवसांनी हसली. मी काय करायला हवं होतं? मरणाच्या दारात तिला खोटं पाडायचं?"

गुणगुणीला ते दिवस आठवले. म्हणजे वर हे चाललं होतं तेव्हा आपण खाली तिच्यासाठी मऊ चादर शोधत होतो. आणि सुट्टीत धापा टाकत वर गेलो तेव्हा वहिनीनं आपल्या डोळ्याला डोळा भिडवून, किती त्रास माझा, म्हटलं.

"तेव्हा बोलला नाहीस, ठीक. पण नंतर? पुस्तक छापताना?"

"तिच्यामागं काय उरलंय सांग बरं. मूल नाही, काही नाही. तू आहेस, तू अजून करशील गाणी. तिला आता काही करता येणार नाही."

"अठरा ठेव तिची," ती म्हणाली. "ते एक मला दे. ती माझी मुलगी होती."

पुस्तकं छापून झाली होती आणि घराघरांत गेली होती.

दोन दिवसांनी ती पाळकांकडे गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हनुवटी चोळली, आणि दुःखानं माणसाच्या मनात काय काय येतं याबद्दल बोलले. मग म्हणाले, "आणि बाई, असं बघा, गाणी देवाची असतात. आपली कसली?"

"मग देवाचं नाव छापायचं होतं," ती म्हणाली आणि उठली.

त्यानंतर तिचं गुणगुणणं थांबलं. धुलाईखात्यात नुसता रोलरचा आवाज. आठ दिवस सोसून मुकादमिणीनं तिला घड्यांच्या मेजापाशी गाठलं. "मशीन ठीक आहे, मग तूच बिघडलीस. बोल."

हिनं सांगितलं. मुकादमिणीचा चेहरा लालबुंद झाला. "अगं, ती गाणी कच्ची असल्यापासून मी ऐकलीत! 'काठी'च्या जागी आधी 'लाठी' होतं, ते मी बदलायला लावलं! या रविवारी मी येते तुमच्या चर्चला. सगळ्या जणी येतो. बघू कोण काय बोलतं ते."

"नको."

"का नको? घाबरतेस?"

"मी तिला आंघोळ घातलीय," गुणगुणी म्हणाली. "भर चर्चमध्ये तिला उघडं पाडणं माझ्याच्यानं होणार नाही."

"आणि तिनं तुला पाडलं ते?"

गुणगुणी चादरींच्या कोठीत गेली, दार लोटलं आणि छातीला टेकतील इतक्या उंच रचलेल्या घड्यांवर दोन्ही मुठी आपटल्या. भर दुपारी, डोळे उघडे ठेवून तिनं प्रार्थना केली. "तू ऐकत होतास ना? टेबलाशी मी बोलत होते, ती लिहीत होती, तेव्हा तू होतास ना तिथं? आणि तिसऱ्या मजल्यावरही होतास. एक शब्द बोलला नाहीस. दादानं लाज सोडली, ती बिचारी मरत होती, पण तुला काय झालं होतं?" तिनं विस्कटलेल्या घड्या नीट केल्या आणि कामाला लागली.

पाहुणीचं गाणं मात्र दूरवर गेलं. दुसऱ्या चर्चमधून लोक ते मागून नेत. अंत्यविधीला म्हणायला फार चांगलं, असं त्याचं नाव झालं. एकदा दुसऱ्या मजल्यावर चादरी पोचवताना तिनं एका खोलीतून ते ऐकलं. कुणाची तरी म्हातारी आई शेवटच्या घटका मोजत होती आणि लेकी गात होत्या. बेसूर, पण मनापासून. गुणगुणी गाडा धरून भिंतीशी उभी राहिली. बाहेर आलेल्या लेकीनं विचारलं, "तुम्हाला येतं हे?" ती म्हणाली, "थोडं थोडं." घरी जाताना तिला स्वतःचाच राग आला.

चर्चला ती जात राहिली. दादाकडे रविवारचं जेवण बंद केलं. आता ती मागच्या बाकावर बसायची, आणि ते गाणं पुकारलं की उठून अंगणात जायची. लोकांना वाटायचं, वहिनीची आठवण सहन होत नाही.

अशी सहा वर्षं गेली. दादा थकला, ऑर्गनवरची बोटं चुकायला लागली. वहिनीच्या स्मरणाच्या एका रविवारी तो वाजवायचं सोडून उभा राहिला. कुणाला न विचारता पुढं आला आणि म्हणाला, "मला एक सांगायचंय. ही गाणी माझ्या बायकोची नाहीत. माझ्या बहिणीची आहेत. सगळीच्या सगळी. मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो."

मग पाळक पुढं आले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळुवारपणे म्हणाले, "किती मोठं मन! बहिणीनं केलेली सेवा हा भाऊ विसरलेला नाही." लोकांनी माना डोलावल्या. दादा पुन्हा म्हणाला, "नाही, नाही, ऐका." पण कुणीतरी त्याला धरून बसवलं, पाणी दिलं. उपासनेनंतर दोघीतिघी गुणगुणीला भेटल्या. एक म्हणाली, "भाऊ असावा तर असा. तुम्हाला लिहितासुद्धा येत नाही, तरी सगळं श्रेय तुम्हाला द्यायला निघाला." दुसरीनं डोक्याकडे बोट नेलं. वयानं असं होतं, म्हणाली.

बहीणभाऊ बरोबर घरी निघाले. बऱ्याच अंतरानं दादा म्हणाला, "लोकांना पटलं नाही."

"नाही पटलं."

"मी खरंच मनापासून सांगितलं गं."

"ऐकलं मी. सहा वर्षं थांबून सांगितलंस." ती त्याच्या बाजूनं चालत होती, कारण फुटपाथ उखडला होता आणि त्याला नीट दिसत नव्हतं. "तुला हलकं वाटलं ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी हे ऐकून मुकादमीण म्हणाली, "आता तरी सोड तुझ्या त्या देवाला."

"त्यानं माझं काही चोरलं नाही," गुणगुणी म्हणाली. "पण बघत बसला होता. हे त्याला मी रोज सांगते, आणि मरेपर्यंत सांगणार."

"म्हणजे बोलतेस अजून त्याच्याशी?"

"दुसऱ्या कुणाशी बोलू?"

हल्ली दादा एकटाच असतो, म्हणून बुधवारी संध्याकाळी ती त्याच्याकडे जाऊन भाजीभाकरी करून येते. गेल्या बुधवारी ती भांडं घासत होती तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. तिच्या ओठांची हालचाल त्याला दिसली असावी.

"नवीन आहे का काही?"

"आहे."

"म्हणून दाखव ना. चाल बसवतो."

"नाही," ती म्हणाली, आणि नळ मोठा सोडला.