शुक्रवारी चालणारं मशीन

ऑइल पेंटचा वास आला की मला आमच्या डोंबिवलीच्या कारखान्यातला तो शुक्रवार आठवतो. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. आवाज नको म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी प्रात्यक्षिकासाठी तोच वार निवडला होता. खरेदी, उत्पादन आणि हिशेबाची तीन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडण्यासाठी त्यांना सरकारी संशोधन निधी मिळाला होता आणि प्रयोग आमच्याकडे चालला होता. एकच ऑर्डर तीनदा टाइप करणं सुटेल, या आशेवर मी वर्षभर त्यांना हवी ती माहिती पुरवली होती. निधी देणाऱ्यांची समिती पाहणीला येणार म्हणून मशीनं हिरवीगार रंगवली होती. प्राध्यापकांनी स्क्रीन सुरू केला, तर त्यावर आमची पत्रा दाबायची प्रेस जोरात चालू आणि उत्पादनाचा आकडा वाढतोय. "वा, सगळं लाइव्ह!" अध्यक्ष म्हणाले. काचेपलीकडे तीच प्रेस गप्प उभी होती. मी हळूच म्हटलं, "सर, प्रेस बंद आहे." प्राध्यापक हसले. "मॅडम, जरा चहाचं बघता का?" समितीतल्या एकानेही मान वळवायची तसदी घेतली नाही. प्रकल्प यशस्वी ठरला. मी अजून तीनदाच टाइप करते. काल पुन्हा रंगारी आला. नवी योजना, नवी समिती, वार शुक्रवारच. चहाचं मी आधीच सांगून ठेवलंय.