शेवटचा कण मुंगीचा

सावेडीतल्या फ्लॅटमध्ये तव्यावर ज्वारीची भाकरी फुगली, की त्या वासासरशी मी पारनेरकडच्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसते. लहानपणी शाळेतून घरी दिलेलं गणित होतं: तीन भावंडांनी एक भाकरी सारखी वाटून घेतली, तर प्रत्येकाला किती? उद्या ते फळ्यावर सोडवायचं होतं आणि मला रडू फुटलं होतं, कारण आमच्याकडे भाकरी मोडायची ती अर्धी, नाहीतर चतकोर. तिचे तीन भाग कुणी कधी केलेच नव्हते. आईनं चुलीवरची गरम भाकरी माझ्या हातात दिली. "चार चतकोर कर. तिघांना एकेक दे. जो उरंल, त्याचे परत चार कर." मी करत गेले. दर खेपेला एक तुकडा उरायचा, आधीपेक्षा लहान. अंगणातलं ऊन सरकत सरकत भिंतीवर चढलं, भाकरी निवली, आणि बोटावर नुसता कण राहिला. "आता ह्याचं काय?" "त्यो मुंगीचा," आई म्हणाली. "तिघांना सारखं मिळालं का न्हाई? मंग रडतीस कशाला?" दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'प्रत्येकाला एक तृतीयांश, कण मुंगीला.' गुरुजी हसले, त्यांनी मुंगी खोडली आणि मला शाबासकी दिली. परवा माझ्या लेकीनं मोबाईलवर एकाला तिनानं भागून पाहिलं. "आई, हे तीन संपतच नाहीत गं!" पडद्यावर तिनांची बारीक काळी रांग लागली होती. गुरुजींनी ती मुंगी खोडायला नको होती.