रफिकभाईचा गुलाब

माळ्यांकडे पालापाचोळा आणि किस्से न मागता साठतात. पाला कंपनीची गाडी घेऊन जाते, किस्से राहतात आमच्या उरावर. यंदाचे सौदीतल्या ताइफच्या सरकारी गुलाबबागेतले. हसण्यासारखं फार नाही, आधीच सांगतो!

*

यंदाच्या कडाक्याच्या थंडीत बागेवर दव गोठलं. आम्ही सगळे श्रीवर्धन-म्हसळ्याकडचे, बर्फ बघितला तो मच्छीच्या पेटीत. आमच्यातला सगळ्यात जुना इब्राहिमभाई. त्याने किटलीतून गरम पाणी आणलं आणि बाळाला न्हाऊ घालावं तसं झाडांवर ओतलं! सगळ्यात आधी रफिकभाईच्या झाडावर. दुपारपर्यंत ते काळं पडलं.

*

रफिकभाई इब्राहिमभाईचा गाववाला. मागच्या वर्षी इथेच गेला, इथेच दफन झाला. इथे कबरीवर नाव नसतं. गावाहून त्याची बायको सकीनाभाभी सारखी म्हणायची, कबर दाखवा. कुठली दाखवणार? इब्राहिमभाईने व्हिडिओ कॉलवर रफिकने लावलेला गुलाब दाखवला. मग दर जुम्म्याला तोच रिवाज झाला. एकदा झाड कललेलं दिसलं तर भाभी म्हणाली, "ताठ उभे राहा म्हणावं त्यांना. इथंही वाकूनच चालायचे."

*

छाटणी सुरू झाली. फांदी जिवंत असली की नखाने खरवडल्यावर आत हिरवी दिसते. इब्राहिमभाई ते झाड रोज खरवडायचा, आत तपकिरीच. मी वैतागून म्हटलं, अरे बाबा, तूच सोलून मारशील त्याला.

"मेलंय का, ते तरी सांग," तो म्हणाला.

मी कात्री घेऊन दुसऱ्या ओळीत गेलो. फार वाईट वाटलं.

*

भाभीला मात्र दर जुम्म्याला एकच थाप, नेटवर्क नाही. भर शहरात! भाभी काय खुळी आहे?

*

शेवटी इजिप्तचा इंजिनिअर मशीन घेऊन आला. जळलेली सगळी झाडं उपटायची, खलास. इब्राहिमभाईने विनवलं, हे एवढं एक राहू दे. तो नाहीच म्हणाला. तेवढ्यात भाभीचा व्हिडिओ कॉल. आता इब्राहिमभाईला थाप मारवेना. त्याने कॅमेरा सरळ त्या काळ्या बुंध्यावर धरला. भाभीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"एवढ्या थंडीत ह्यांच्यावर पांघरूण घालायला कुणी नव्हतं का हो?"

इब्राहिमभाईने फोन माझ्या हातात दिला. अंगातलं जॅकेट काढलं आणि भर उन्हात त्या बुंध्यावर घातलं.

इंजिनिअरला मराठी कुठलं कळायला. त्याने जॅकेटकडे बघितलं. मग मशीनवाल्याला म्हणाला, "यल्ला, चल, पुढचं झाड."