हिरव्या ठिपक्याच्या गावाला

बुलढाणा जिल्ह्यात चालले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात, शेगाव की लोणार? मी दोन्हीला नाही म्हटलं तेव्हा नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. "मग मे महिन्यात तिकडे कोण जातं?" म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. आजवर या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर कोकण, कूर्ग, स्पिती असं हिंडलात, गारेगार फोटो पाहिलेत. या वेळी फोटो नाहीत. काढले होते, पण लावावेसे वाटले नाहीत.

जायचं कारण आधी सांगते. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या विद्यापीठाला खेड्यांतल्या काही शाळांशी जोडणारं एक वेगवान जाळं आलं, काचेच्या तारेचं. ज्या शाळांत अकरावी-बारावी सायन्स आहे पण फिजिक्सचा मास्तर नाही, अशा सात शाळांना मी आठवड्यातून तीन दिवस पुण्यातून शिकवायला लागले. तिकडे भिंतीवर मी, इकडे माझ्या पडद्यावर सात चौकोन. तास सुरू करताना एकेका गावाला विचारायचं, "आवाज येतोय का?" बीबी गावची मुलं एका सुरात ओरडायची. पण त्यांच्याही आधी एक आवाज यायचा, "येऊन राह्यला मॅडम!" तो बोरधऱ्याचा. गावाचं खरं नाव हे नाही. तिथल्यांच्या मागे आधीच पुरेशी कटकट आहे, त्यात माझी भर नको.

तो आवाज नसरीनचा. अकरावीतली, किडकिडीत, प्रश्न विचारायची भारी हौस. एकदा विचारते, "मॅडम, तुमच्या मांगच्या खिडकीतून काय दिसते?" पार्किंग दिसतं, म्हटलं. "तरी बी दाखवा ना." मी कॅमेरा फिरवला. सात गावांतल्या मुलांनी आमच्या स्कूटरी डोळे भरून पाहिल्या. बीबीच्या एका पोराने तर माझी ओळखली, कारण हेल्मेट न लटकलेली तेवढी एकच होती आणि मी ते घालत नाही हे मीच कधीतरी तासाला बोलले होते!

उन्हाळ्यात बारावीचे जादा तास चालू होते आणि एक दिवस बोरधऱ्याचा चौकोन काळा झाला. दुसऱ्या दिवशीही काळा. फोन लावला तर तिथले वानखेडे सर म्हणाले, "तार जळली मॅडम." मी म्हटलं, दुरुस्त करतील. आठवडे गेले. मग सरांनी खरं काय ते सांगितलं. शाळा उघडेपर्यंत जोडणी आली नाही तर संस्था सायन्सचा वर्गच बंद करणार. "पोट्टे जातीन तालुक्याले. पोरीईचं काही खरं नाही." तालुक्याहून शेवटची एसटी चारला निघते आणि प्रॅक्टिकल पाचला सुटतं. मी फोनवरून शिकवून पाहिलं. गावात टाकीखाली उभं राहिलं तरच रेंज येते आणि आकृती काही फोनवर सांगता येत नाही. चिडून म्हटलं, मीच येते. मोठ्या कॉलेजची बाई समोर उभी राहिली की कुणीतरी हलेल, असं मला खरंच वाटत होतं.

रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी नांदुऱ्याला उतरता. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: स्लीपरचं तिकीट खिशाला जड नाही, पण मेमध्ये पाण्याच्या बाटल्या घरूनच घ्या आणि डोक्याला ओलं उपरणं हवंच. स्टेशनबाहेर तर्री टाकलेले पोहे खाल्ले. जिभेला चटका बसला तसा पोहेवाला म्हणाला, "पुण्याच्या दिसता. साखर देऊ काय?" मी नको म्हटलं आणि डोळ्यांतून पाणी गाळत प्लेट संपवली. अब्रूचा प्रश्न होता. मग मोताळ्याची एसटी. खिडकीला काच नव्हती आणि आत येणारी हवा भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी वावरं. मोताळ्याहून रोहिणखेडपर्यंत काळी-पिवळी जीप, म्हणजे आत मावतील तेवढे आणि मग आणखी चार.

रोहिणखेडला वानखेडे सर मोटारसायकल घेऊन यायचे होते, तोवर जुन्या मशिदीच्या सावलीत बसले. दगडी काम पाहण्यासारखं आहे, वेळ काढून पाहा. शेकडो वर्षं ऊन खाऊन उभं आहे. आमची तार एक उन्हाळाही टिकली नाही.

गावात पोचल्यावर सरांनी आधी शाळा दाखवली. पडदा, कॅमेरा, जोडणीचा डबा, सगळं जागच्या जागी, चादरीखाली. ती चादर घरून धुऊन आणलेली होती, कोपऱ्यावर भरतकाम. आणि नसरीन दारात उभी. पडद्यावर वाटायची त्याहून उंच निघाली. वर्षभर जिने मला बोलू दिलं नाही, ती आता मला नुसती खालून वर न्याहाळत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमी लहान हाय. भिंतीवर लय मोठ्या दिसता." मी हसले. त्या प्रवासातलं माझं हसू बहुतेक तेवढंच.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिचे अब्बू, युसुफभाई, मला वावरात घेऊन गेले. वांगी, मिरची आणि पलीकडे कपाशीचं रान. सडकेपासून शाळेपर्यंत तारेचा पाइप शेतांतूनच आणावा लागणार होता तेव्हा कुणी जागा देईना. युसुफभाईंनी आपला धुरा, म्हणजे बांध, देऊन टाकला. "मी म्हटलं, पोरगी शाळेत जाते तं तारबी जाऊ द्या. एकाच रस्त्यानं जातीन दोघी."

पाइप खोल पुरायचा होता. ठेकेदाराच्या माणसांनी वीतभर चर खणला, माती लोटली आणि गेले. इथली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. चैत्रात पाइप वर आला. युसुफभाईंना वाटलं, आता हा उन्हाने तडकणार, ढोरं तुडवणार. मग त्यांनी भाजी पिकवणाऱ्या माणसाने केलं असतं तेच केलं. वावरातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून आणली आणि सगळ्या पाइपावर पांघरूण घातलं. नसरीनही होती मदतीला.

"मिरचीच्या रोपाले झाकतो ना आमी, तसंच झाकलं," ते म्हणाले. "सावली राहीन म्हटलं."

वैशाखात या भागात धुरे पेटवतात. गवत जळतं, विंचूकाटा जातो, तणाचं बी मरतं. आणि धुऱ्यावर पऱ्हाट्या रचलेल्या दिसल्या तर त्याचा अर्थ एकच, पेटवायच्या आहेत. शेजारच्या वावराचे सुखदेवभाऊ आपला धुरा पेटवत होते. युसुफभाई बाजाराला गेलेले. सुखदेवभाऊंनी विचार केला, बिचाऱ्याच्या मागे काम फार, त्याचाही लावून टाकू. नुसतं गवत असतं तर आग वरच्यावर सरकली असती. पऱ्हाट्यांचा निखारा तासभर तसाच राहिला. वाकडा झालेला, वितळून ढेकळांना चिकटलेला पाइप मी हाताने उचलून पाहिला. आत काहीच उरलं नव्हतं.

आम्ही उभे होतो तेवढ्यात सुखदेवभाऊच आले. म्हातारा माणूस, हातात टोपी. कुणी न विचारताच बोलायला लागले, "बाई, मले मालूम असतं तं मी काऊन लावलं असतं? नसरीन माह्या नातीसोबत खेळली. मी तं उपकार कराले गेल्तो."

"चाचा, जाऊ द्या आता," नसरीन म्हणाली.

युसुफभाईंनी पायाने एक ढेकूळ फोडलं. म्हणाले, "त्यानं पेटवलं, पन झाकलं तं म्याच होतं." मी हातातला पाइप परत धुऱ्यावर ठेवला. रात्री त्यांच्याच घरी राहिले. नसरीनच्या अम्मीने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं.

दुसऱ्या दिवशी वानखेडे सर, नसरीन आणि मी जोडणीच्या कामाच्या कचेरीत गेलो. कुठली कचेरी ते लिहीत नाही. तिथला तरुण कर्मचारी चांगला होता, हे मुद्दाम सांगते. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, कूलर आमच्याकडे वळवला. मग त्याने जिल्ह्याचा नकाशा उघडला आणि बोरधरा शोधलं.

"मॅडम, इथं तं हिरवा ठिपका आहे."

"हिरवा म्हणजे?"

"म्हणजे जोडलेलं गाव. चालू."

"अहो, तार जळलीय. मी काल हातात घेऊन पाहिली."

"मी कुठं नाही म्हनतो? पन काम पुरं झालं का ठिपका हिरवा होते. मंग तुटलं तरी तो हिरवाच राह्यते. परत लाल कराची सोयच नाही त्याच्यात."

"मग तक्रार लिहून घ्या."

तो अवघडला. "तक्रार शाळेच्या जोडणीवरूनच पाठवा लागते मॅडम. दुसरीकडून घेत नाही."

"जोडणीच तर तुटलीय!"

"हाव ना," तो म्हणाला. "तेच तं."

मी आवाज चढवला. विद्यापीठाचं नाव घेतलं, माझं पद सांगितलं, वर बोलेन म्हणाले. तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "बोला मॅडम. खरंच बोला. माह्या गावाचाबी ठिपका असाच हिरवा हाय." माझा सगळा आव तिथेच गळाला. भांडायला निदान समोर कुणी वाईट माणूस तरी हवा होता. तिथे कुणीच वाईट नव्हतं आणि काहीच होणार नव्हतं.

नसरीन तेवढ्यात नकाशाकडे बघत होती. "सर, बीबी कोठी हाय याच्यात?" तिने विचारलं. त्याने खाली दक्षिणेकडचा ठिपका दाखवला. तोही हिरवा, तिथली तार मात्र खरंच चालू. दोन्ही ठिपके अगदी सारखे. तिने बोटांनी अंतर मोजलं आणि हात मागे घेतला.

नांदुऱ्याला सोडायला ती आणि युसुफभाई आले होते. त्यांनी वांग्यांची पिशवी दिली. गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, होईन ना काही?" मी म्हटलं, "होईल." ते मी का म्हटलं, देव जाणे. अशा वेळी तोंडातून तेच निघतं.

पुण्यात आल्यावर मी वर बोलले. त्याच्याही वर बोलले. सगळीकडे चहा मिळाला. एकाने तर मोठ्या कौतुकाने तोच नकाशा दाखवला आणि म्हणाला, "बघा, किती जिल्हे हिरवे झाले!" दुरुस्तीचा ठेका कुणाकडे हे शेवटपर्यंत कळलं नाही. शाळा उघडली. बोरधऱ्याचा सायन्सचा वर्ग बंद झाला, मुलगे तालुक्याला गेले. वानखेडे सरांनी फोन केला आणि टाकीखाली उभ्या नसरीनच्या हातात दिला.

"आर्ट्सले नाव टाकलं मॅडम," ती म्हणाली. "अब्बू जेवत नव्हते, म्हणून लवकर टाकून देलं. इतिहासबी चांगला राह्यते."

"हो," म्हटलं. "चांगला असतो." मग रेंज गेली.

या प्रवासातून काय मिळालं, असं तुम्ही दर वेळी विचारता. काही नाही मिळालं. तिकडे जायचं असेल तर जरूर जा, माणसं जीव लावतात, भरीत विसरणार नाही. पण मी जे करायला गेले होते ते झालं नाही आणि आता होणारही नाही, कारण यापुढे तार जोडली तरी तिचं ते वर्ष गेलं.

परवा बारावीचा पहिला तास होता. पडद्यावर सहा चौकोन. मी सवयीने एकेका गावाला विचारत गेले, आवाज येतोय का? सगळ्यांचा येत होता. मग बीबीहून स्कूटर ओळखणारा तो पोरगा उठला.

"मॅडम, बोरधरा कुठं गेलं?"

मी नकाशा उघडून पाहिलाच होता सकाळी. ठिपका हिरवा होता.

"आहे तिथंच आहे," मी म्हटलं आणि फळ्याकडे वळले.