लवू कायम होणार होता

लवू आमच्या भाईंदर पूर्वेच्या कारखान्यात सोळा वर्षं कंत्राटी होता. आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो. कंत्राटी म्हणजे अकरा महिने काम, मग पंधरा दिवसांचा ब्रेक, मग नव्या माणसासारखी पुन्हा भरती. सलग वर्ष भरलं तर माणूस कायम करा म्हणून मागे लागेल, तसं होऊ नये म्हणून ही युक्ती. या ब्रेकची कागदपत्रं मी करते. मी नीलिमा, ऑफिसची सगळी लिखापढी माझ्याकडे. लवू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचे आणि तो मला मॅडम म्हणायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

मूळचा तो लांज्याकडचा. एकोणिसाव्या वर्षी आला आणि पडेल ते काम करत राहिला. अंगानं काटकुळा, बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला जांभई यावी. गेल्या वर्षी अठ्ठेचाळिशीला आला, आणि आमचा कंत्राटदार पन्नाशीपुढच्या माणसाला घेत नाही. लवूची बायको शेवंती लोकांकडे पोळ्या लाटायला जाते, तिचे गुडघे आधीच गेलेत. त्यामुळे लवूला जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे कायम झाल्याचं पत्र. दर ब्रेकला सही करताना विचारायचा, "मॅडम, यंदा काय होईल का?" मी म्हणायचे, "बघू." सोळा वेळा म्हटलं असेल.

आमचे मालक जितेंद्र सर दादरहून इथे राहायला आले. त्यांना साखर निघाली, डॉक्टरांनी चाला म्हटलं, तर हे थेट धावायलाच लागले. एकट्याच्या मागे कुत्री लागतात म्हणून सोबतीला लवू. पहाटे निघायचं, पश्चिमेला जाऊन राई, उत्तन करत पार चौक गावापर्यंत. सरांच्या पायात परदेशी बूट, लवूच्या पायात शिवलेले कॅनव्हासचे. सरांची पाण्याची बाटली, सरांचे खजूर आणि कुत्र्यांसाठी काठी, सगळं लवूकडे. सर थांबले की लवू थांबायचा, सर निघाले की निघायचा. परत आल्यावर सर आंघोळीला आणि लवू आठच्या पाळीला.

वर्षभरात सर धावपटू कमी आणि कीर्तनकार जास्त झाले. दर सोमवारी सगळ्या स्टाफला उभं करून ऐकवायचे. शेवटचा किलोमीटर पायानं नाही, मनानं धावायचा. नोकरीतही दम टिकवतो तोच पुढे जातो. ही वाक्यं मी लिहून द्यायचे, आणि मी जन्मात बसमागेसुद्धा धावलेली नाही. लवू मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवायचा, तेही मनापासून.

मग सरांना एका मोठ्या मॅरेथॉनमध्ये उतरायची हौस आली. तिथे प्रवेशासाठी आधीच्या शर्यतीतली वेळ दाखवावी लागते. एकवीस किलोमीटर सव्वादोन तासांच्या आत हवं होतं, आणि सरांना पावणेतीन तास लागायचे. त्यांनी लवूला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होते.

"लवू, शेजारच्या गावात हाफ मॅरेथॉन आहे. माझा नंबर छातीला लावून तू धावायचंस. माझ्यापेक्षा जरा जोरात, बस. एवढं केलंस की तुला कायम करतो."

"खरंच सर?"

"नीलिमा, ऐकतेयस ना? पत्र तयार ठेव."

लवूनं सरांच्या पायांना हात लावला. मला हसू आलं होतं, ते मी दाबलं.

शर्यतीला त्याला मीच घेऊन गेले. गोची अशी की लवू तोवर कधी एकटा धावलाच नव्हता. त्याला स्वतःचा वेग माहीतच नव्हता. सरांची धाप ऐकायची आणि तेवढंच पळायचं, हीच सवय. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं, आणि द्यावं असं आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. शेजारी कुणी धापा टाकत नाही म्हटल्यावर त्याचे पाय मोकळे सुटले. दीड तासात गडी परत! मी चहाचा कप तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला.

"मॅडम, जरा जोरातच आलो ना?"

पंचेचाळिशीच्या वरच्या गटात दुसरा नंबर. माइकवरून सरांचं नाव पुकारलं गेलं. मी खालून दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. पण नाव पुकारून कुणी गेलं नाही तर सरांची शोभा होईल, असं त्याला वाटलं. गेला. ढाल घेतली, फोटो काढून घेतला. मी इतका उजळलेला लवू कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळपर्यंत तो फोटो धावणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरला. खाली सरांचं नाव आणि वर लवूचा चेहरा. लोकांनी सरांची यथेच्छ टिंगल केली. आयोजकांनी खुलासा मागितला. सर लालबुंद झाले होते.

"लिही, त्यानं खणातून माझा नंबर न विचारता उचलला. त्याची सही घे."

मी लिहिलं. लवूला बोलावून म्हटलं, "सरांवरचं बालंट टळावं म्हणून आहे. कर सही, मग पत्र मिळेल." त्यानं पेन झटकलं आणि सही केली.

सर सुटले, लवूवर शर्यतींत धावायची बंदी आली. त्याचा ब्रेक सुरू झाला तेव्हा मी सरांना पत्राची आठवण करून दिली.

"चोरी लेखी कबूल केलेला माणूस कायम कसा करू? उलट कंत्राटदाराला कळव, पुन्हा पाठवू नकोस म्हणून."

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"लेखी आहे?"

लेखी नव्हतं. लेखी काय असावं ते तर मीच ठरवते. मला सरांचा राग आला, पण नोकरी मलाही हवी होती. कंत्राटदाराला कळवलं.

पंधराव्या दिवशी लवू इस्त्रीचा शर्ट घालून आला. शेवंतीनं पेढे दिले होते. "पत्र आज मिळेल ना मॅडम?"

मी त्याची सही असलेला कागद पुढे केला. तो ओळीवर बोट ठेवून वाचत गेला, आणि 'उचलला' या शब्दावर बोट थांबलं.

"सही करताना वाचलं नाहीस?" मी विचारलं. जणू चूक त्याचीच.

"तुम्ही लिहिलेलं होतं ना मॅडम. तुमचं काय वाचायचं?"

मला इतकी लाज वाटली की पुढचं त्याच्याकडे बघून बोलता येईना. मग मी वॉचमनला फोन करून सांगितलं, लवू येतोय, त्याचं गेटकार्ड काढून घे.