पहाटेच्या काळजीचा शब्द

मित्रहो, आज दुपारी डिंगोऱ्यात बचत गटाच्या महिलांशी बोलताना मी एक फार जुना इंग्रजी शब्द सांगितला, ‘ऊख्तचेअरे’. म्हणजे पहाटेआधी जाग येऊन मनाला लागणारी काळजी.

पुढे बसलेल्या मावशींनी विचारलं, “इंग्रजांकडं बी बिबट्या व्हता का, भाऊ?”

सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. “पोरगा अंधारात कांद्याला पाणी द्यायला जातो. लाईट रातचीच असती. त्याची गाडी दारात येईस्तवर डोळा लागत नाय.”

इंग्रजी तो शब्द केव्हाच विसरली. आपल्या तालुक्यात तो रोज पहाटे जागा असतो. तुमच्या घरी कोण जागं असतं, सांगा.

सरकारला एवढंच सांगणं आहे, शेतीला दिवसा वीज द्या. आम्हीही तो शब्द आनंदाने विसरू.